बरणीतली नोझलं

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातील लोणच्याच्या बरणीतून मी एकदा एक वस्तू काढली, ती वापरली, राखेने घासून स्वच्छ केली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. वस्तू परत गेली होती, त्यामुळे ही चोरी ठरते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु मधल्या दोन तासांत माझ्या हातून जे घडले, त्याचा दोष अक्काने स्वतःच्या हातावर घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ वागवला. खरे काय ते ठाऊक असलेला मी तिच्याच हातची भाकरी खात गप्प बसलो. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला आपल्या चुकांची सवय होते असे म्हणतात. या एका चुकीची मला सवय झाली नाही.

त्या वर्षी मला सत्ताविसावे सरत होते. या वयात माणूस मोठा झालेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मी झालो नव्हतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. धर्माबादच्या घरात मला सांभाळणारे कोणी उरले नाही, म्हणून अक्काने मला बोटाला धरून आपल्या सासरी, अहमदपूरजवळच्या त्या गावी आणले. लग्न होऊन जेमतेम दोन वर्षे झालेली मुलगी सासरी धाकटा भाऊ घेऊन जाते, तेव्हा तिला काय काय ऐकावे लागत असेल, याचा विचारही मी पुढे कित्येक वर्षे केला नाही. तिने मला शेतकीची पदवी मिळेपर्यंत शिकवले. त्यानंतर लातूरला खोली घेऊन मी स्पर्धा परीक्षा देत राहिलो, आणि तीनदा नापास झाल्यावर ‘गावाकडे शांततेत अभ्यास होतो’ असे सांगून पुन्हा तिच्याच घरी येऊन राहिलो. ते शांततेचे कारण खोटे आहे हे अक्काला पहिल्या दिवशीच कळले असावे. माझ्या पुस्तकांसाठी तिने धान्याच्या कोठीवरची जागा पुसून दिली, एवढेच.

त्या घराची सकाळ मला अजून कानांनी आठवते. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गोठ्यात बैलांशी बोलत. माणसांशी बोलत त्याहून अधिक. मग भाकरी थापल्याचा आवाज, मग कढईत फोडणी. परीक्षेचा दिवस असो वा नसो, चुरमुरे भिजवून केलेली सुशीला अक्का मला वाढी आणि वर शेंगदाण्याचा कूट जरा जास्त टाकी. दुपारी येसराच्या पिठाची आमटी आणि अंबाडीची भाजी. या सगळ्याच्या मागे, घराच्या पाठीमागून सुरू होणाऱ्या उसाची सळसळ. ती इतकी सवयीची होती की ऐकू येत नसे. ती मी कान देऊन ऐकली ती एकदाच, आणि तेव्हाही ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

उसावर लोकरी मावा आला तो त्या वर्षी. पानाच्या खालच्या बाजूला, शिरेलगत, कोणी कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी रांग दिसे. हात लावला की लोकर बोटांना लागे आणि खालून हजारो बारीक किडे हलत. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडे, त्यावर काळी बुरशी धरे, आणि वरून पांढरा, खालून काळा असा तो ऊस उभ्या उभ्या खंगत जाई. लोकांनी फवारले. मावा आठ दिवस गेला आणि पंधराव्या दिवशी दुप्पट होऊन आला. ऊस डोक्याच्या वर गेलेला. आत शिरून फवारणारी माणसे चक्कर येऊन पडू लागली. पदवीधर म्हणून मला विचारायला लोक येत. मला पुस्तकातले ठाऊक होते ते सगळे मी सांगे आणि त्यातले काहीच उपयोगी पडत नसे.

शेतकी खात्याच्या एक बाई गावात आल्या त्या याच सुमारास. त्यांच्याजवळ डब्यात उसाच्या पानांचे तुकडे होते आणि त्या तुकड्यांवर अळ्या. डिफा नावाच्या एका लहानशा पतंगाच्या त्या अळ्या. हा पतंग करंगळीच्या नखाएवढा, राखी रंगाचा, दिसायला अगदी क्षुद्र. पण त्याची अळी पान खात नाही, मावा खाते. माव्याच्या लोकरीतच ती रेशमाचे विरळ जाळे विणते, त्याच्या आड बसते आणि एकामागून एक किडे संपवीत पुढे सरकते. बाईंनी सांगितले की उसाच्या एका तुकड्यावर हिरवी जाळी टाकून आत या अळ्या वाढवायच्या, आणि मग अळ्यांसकट पानांचे तुकडे कापून गावभर द्यायचे. हे काम कोण करील असे त्यांनी विचारले, तेव्हा पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. अक्का म्हणाली, “मी करते की.”

विठ्ठलतात्या आमचे शेजारी. त्यांचे शेत आमच्या खालच्या अंगाला. ते म्हणाले, “सुमन, किड्यानं किडा मरतो व्हय? उद्या म्हनशील, चोर धराया चोरच पाठवा.”

“तात्या,” पंचशीलावहिनी म्हणाल्या, “तुमाला सरपंच केलं तवा आमी दुसरं काय केलं हुतं?”

तात्याही हसले. पंचशीलावहिनींचे शेत आमच्या वरच्या अंगाला. अक्का सासरी आली त्या पहिल्या आठवड्यापासून त्या दोघींची मैत्री होती.

अडचण एकच होती. फवारणी झाली की अळ्या मरणार. कोणा एकाचा धीर सुटला, त्याने पंप पाठीला लावला, की शेजारच्या रानातले सगळे वाया. यावर अक्काने जो उपाय काढला तो कोणत्याही पुस्तकात नाही. ती म्हणाली, “धीर सुटला की हात पंपाकडं जातो. हाताला काय म्हनावं? पंप तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. निस्तं नोझल माझ्याजवळ द्या.” पंपाच्या नळीच्या टोकाचे ते पितळी नोझल काढले की पंपातून नुसती धार पडते, फवारा होत नाही. ओढ्यापासून रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात सात जणांचा ऊस होता. पंचशीलावहिनींनी सर्वांत आधी नोझल आणून दिले. मग एकेक करून सहा जमली. ज्याने त्याने आपल्या नोझलला ओळखीचा दोरा बांधला होता. सातवे आमचे. त्याला दोरा बांधण्यासाठी दाजी उठले, तेव्हा अक्का म्हणाली, “आपलं घरातच ऱ्हानार. त्याला कशाला?” तिने लोणच्याची रिकामी बरणी धुऊन वाळवली, नोझले तीत घातली, फडक्याच्या दादऱ्याने तोंड बांधले आणि बरणी भिंतीतल्या देवळीत ठेवली. कुलूप नव्हते. घरात विश्वासाची माणसे होती.

त्यानंतरचे दिवस अक्काच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचे होते, असे मला आज वाटते. हिरव्या जाळीच्या त्या खोपट्यात ती तासन् तास वाकून बसे. टाचण्या गंजतात म्हणून पानाचे तुकडे ती बाभळीच्या काट्याने दुसऱ्या पानावर टाचे. मला ओढून नेई आणि दाखवी, “बग दत्या, ह्या आळ्या न्हाईत, सुना हायत माझ्या. तोंडावर पदर घिऊन बसत्यात आन् घर झाडून काढत्यात.”

“आन् सासू तू,” दाजी बाहेरून म्हणत. “मंग टिकायच्या न्हाईत त्या.”

एका संध्याकाळी पडवीतल्या दिव्याजवळ एक राखी पतंग येऊन बसला. भिंतीवरची पाल त्याच्या रोखाने सरकू लागली, तशी अक्का हातातली परात टाकून केरसुणी घेऊन धावली. “आज तुला उपास,” तिने पालीला बजावले, आणि पतंगाला ओंजळीत धरून जाळीत सोडून आली. पुढे पंचशीलावहिनींच्या रानातल्या चार-सहा ओळींत पांढरेपणा खरोखरच विरळ दिसू लागला. पण आमच्या रानात, तात्यांच्या रानात मावा अजून वाढत होता. अळ्यांना वेळ हवा होता. वाट पाहणे हेच काम होते, आणि मला तेवढेच येत नव्हते.

माझ्या त्या मनःस्थितीचे समर्थन मला करायचे नाही. ती कशी होती एवढे नोंदवतो. त्याच आठवड्यात लातूरहून मित्राचा निरोप आला की चौथ्या परीक्षेच्या यादीतही माझे नाव नाही. मी अक्काला सांगितले नाही. रोज सकाळी उसाच्या कडेने जाऊन मी पांढरी पाने पाहत असे, आणि आपण शिकलेले, वाढलेले, खाल्लेले सर्व काही कोठेच उपयोगी पडत नाही, ही एकच गोष्ट मला त्या पानांवर लिहिलेली दिसे.

दाजींच्या भाचीचा साखरपुडा देगलूरला होता. अक्का आणि दाजी आदल्या दिवशी जाऊन दुसऱ्या दिवशी परतणार होते. पहाटेच उठून तिने माझ्यासाठी धपाटे करून ठेवले, स्टोव्हवर चहा केला, जाळीत एकदा हात फिरवून आली आणि एसटीला निघताना मला म्हणाली, “जाळीत जाऊ नगं. पानी देऊ नगं. पानं तोडू नगं. कायीच करू नगं दत्या, येवढंच काम हाय.”

ते गेल्यावर तासाभराने तात्या बांधावरून जाता जाता थांबले. “सायेब, अक्का गेली जेवनाला आन् हिकडं कापूस उतरला की हो! तुमच्या खालच्या वळी बगितल्या का? पुस्तकात काय लिव्हलंय त्यावर?” त्यांनी हे सहज म्हटले, त्यांच्या बोलण्यात विष कधीच नसे. मी खाली जाऊन पाहिले. दोन दिवसांपूर्वी हिरव्या असलेल्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. मी परत फिरलो तेव्हा माझ्या शर्टाची बाही चिकट्याने ओली झाली होती.

दुपारी मी बरणी उघडली. दोरा नसलेले नोझल वरच होते. माळ्यावर औषधाची अर्धी बाटली होती. मी स्वतःशी ठरवले होते की फक्त खालच्या टोकाच्या चार ओळी फवारायच्या; जाळी वरच्या अंगाला, पुष्कळ लांब; वारा खालच्या दिशेने वाहत होता. हे सारे खरे होते. पंप पाठीवर घेतला आणि दांडा हलवू लागलो तेव्हा मला बरे वाटले, हेही लपवीत नाही. कित्येक महिन्यांत प्रथमच मी काहीतरी करीत होतो.

तिसरी ओळ संपता संपता उसाची सळसळ बदलली. ती माझ्या मागून येत होती. आता समोरून येऊ लागली. वारा फिरला होता. फवाऱ्याचे धुके माझ्या डोक्यावरून वरच्या अंगाला जात होते. मी हे ऐकले, पाहिले आणि ओळखले. पंपात थोडेच औषध उरले होते. एवढे संपवून टाकू, असे मनात आले आणि मी थांबलो नाही. लोकांना मी सांगू शकलो असतो की वारा फिरला, माझा नाइलाज झाला. वारा फिरल्यानंतरही मी दांडा किती वेळ हलवत राहिलो, हे फक्त मला ठाऊक आहे.

जाळीत गेलो तेव्हा अळ्या रेशमाच्या आडून बाहेर आल्या होत्या. काही अंग आखडून वळत होत्या, काही एकेका धाग्याला लोंबकळत होत्या. मी कळशीने पाणी आणले आणि पाने धुऊ लागलो. पाण्याबरोबर रेशमाची जाळी सुटली आणि उरलेल्याही खाली पडल्या. स्वच्छ पान घेऊन त्यावर मी काही उचलून ठेवल्या, सावलीत नेल्या, फुंकर घातली. एवढ्याशा जिवाला माणूस काय करू शकतो? कळशी घेऊन मी जाळी ते आड, आड ते जाळी असा धावत होतो आणि प्रत्येक खेपेला हलणाऱ्या अळ्या कमी होत होत्या. शेवटी एक उरली. ती माझ्या बोटाच्या टोकावर बराच वेळ डोके इकडे तिकडे फिरवीत होती. मग तीही थांबली.

संध्याकाळी पावसाची एक सर आली आणि पानांवरचा वास धुऊन गेली. मी पंप धुतला, नोझल राखेने घासले, पुसले, बरणीत ठेवले आणि दादरा पूर्वीसारखाच बांधला.

दुसऱ्या दिवशी अक्का आली ती अंगावरच्या ठेवणीतल्या लुगड्यासह सरळ जाळीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ओट्यावर बसली आणि दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगू लागली. तळहात, मग बोटे, मग पुन्हा तळहात. “दत्या,” ती म्हणाली, “काल जाताना मी स्टो पेटवला हुता ना रं? रॉकेलचा हात हुता माझा. तसाच आत घातला. त्यानंच झालं आसंल का?”

तिने मला विचारले होते. मी शेतकी शिकलेला होतो. मी म्हणालो, “आसंल.”

एवढा एकच शब्द. फवारणीबद्दल एखादे वेळी मी स्वतःला क्षमा करू शकेन. त्या शब्दाबद्दल नाही.

तिसऱ्या प्रहरी सगळे जमले. तात्यांनी बरणी मागितली आणि नोझले पंच्यावर ओतली. सातच्या सात होती, कोरडी, सहांचे दोरे जसेच्या तसे. तात्या हळू आवाजात म्हणाले, “मानसाचा दोष न्हाई बाबा. कुनीबी शब्द मोडला न्हाई.” कोणी अक्काला बोल लावला नाही. लावला असता तर ती भांडली असती, आणि भांडणात कदाचित माझे तोंड उघडले असते. अक्काने ज्याचे त्याचे नोझल आपल्या हाताने उचलून दिले. पंचशीलावहिनींनी घेतले नाही; म्हणाल्या, “आमच्या रानात हायत की अजून थोड्या. ऱ्हाऊ दे.” अक्काने ते बळेच त्यांच्या मुठीत कोंबले आणि म्हणाली, “माझ्या हातच्या हायत त्याबी. कशाच्या जगत्यात?” दुसऱ्या दिवसापासून पट्टाभर पंपांचे आवाज येऊ लागले. वहिनींच्या चार-सहा ओळींतल्या अळ्याही त्यांत गेल्या.

पुढल्या वर्षी ते राखी पतंग कोठून तरी आपणहून आले, मावा ओसरला, आणि लोक तो विषय विसरले. अक्का विसरली नाही. आमच्या भागात पेरणीच्या बियाण्याची पहिली मूठ तिफणीच्या चाड्यावर धरायला गुणाच्या हाताची बाई बोलावतात. त्या पट्ट्यात तो मान अक्काचा होता. तात्यासुद्धा तिच्यासाठी तिफण थांबवून ठेवीत. त्या वर्षी बोलावणे आले तेव्हा ती म्हणाली, “माझा हात नगं. रॉकेलचा हाय.” लोकांना ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या वर्षीही ती गेली नाही, तिसऱ्याही. लोणचे घालताना ती फोडी चिरून देई आणि मसाला कालवायला वहिनींना हाक मारी. ती बरणी देवळीत रिकामीच राहिली. मला पुढे शेतकी खात्यातच नोकरी लागली, आणि नांदेड-लातूरच्या गावागावांत उभा राहून मी शेतकऱ्यांना मित्रकीटक ओळखायला शिकवीत आलो. डिफाच्या अळीचे चित्र पडद्यावर आले की मी पुढचे चित्र लवकर लावतो. दाजी गेले. त्यांना मी सांगू शकलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पेरणीला मी गावी होतो. आता ट्रॅक्टरने पेरतात, पण पहिली मूठ बियाण्याच्या पेटीत कोणीतरी टाकते. अक्काचा मुलगा संतोष, जो त्या वर्षी शाळेसाठी वसतिगृहात होता, ट्रॅक्टरवर बसला होता. पंचशीलावहिनी काठी टेकत बांधावर आल्या होत्या आणि अक्काला म्हणत होत्या, “मरायच्या आधी येकदा तरी टाक की बाई मूठ. मी बगते.” अक्काने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान हलवली. ते हात पदराखाली जाताना मी पाहिले. पुढे काय करायचे हे मी ठरवले नव्हते, मी तिच्या शेजारी गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, “अक्का, त्या अळ्या मी मारल्या.”

अक्काला डाव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने थोडेसेच. कानातले यंत्र शिट्टी मारते म्हणून तिने डब्यात ठेवून दिले आहे. इंजिनही चालू होते. “काय म्हनून राहिलास?” तिने उजवा कान पुढे केला. “मोठ्यानं बोल की. जलमभर मेलं कुजबुजतच बोलनं तुझं.”

मी पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली. तेव्हा आयुष्यात कधी कोणावर चढवला नव्हता एवढा आवाज मी चढवला. भांडण लागले असे वाटून संतोषने इंजिन बंद केले, आणि माझे शब्द त्या उघड्या रानात सगळ्यांना ऐकू गेले.

“अक्का, तुझ्या हाताला काय बी झालं नव्हतं! बरणीतलं नोझल मी काढलं. फवारा मी मारला. वारा फिरला तरी मी थांबलो न्हाई. तुझ्या सुना मी मारल्या, आन् तू हात हुंगत बसली हुतीस तवा तुला ‘आसंल’ म्हणलो. तुझा हात चांगला हाय, अक्का. माझं चुकलं. मला माफ कर.”